पाळण्याचे पैसे वेगळे

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ सालापर्यंत मोठ्या माणसाला ५ रुपये आणि मुलाला २ रुपये तिकीट होतं. आदल्या वर्षी जुलैत दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांच्यासाठी गार हवेचं काचघर उभं राहिलं, आणि मग महापालिकेनं दर वाढवले. मोठ्यांना ५०, मुलांना २५. त्यावरून बरीच ओरड झाली, आणि एका फटक्यात दहापट म्हटल्यावर ती होणारच. मला मात्र त्या दरपत्रकातली आणखी एक ओळ फार मोलाची वाटते: आईवडील आणि दोन मुलं, अशा कुटुंबाला मिळून १०० रुपये. सुटी तिकिटं काढली तर दीडशे होतात. ज्यानं कुणी ही ओळ घातली, त्याला घर म्हणजे काय हे कळत होतं. एकटा माणूस मनात आलं की उठतो आणि बागेत जातो. चार जणांचं घर जायचं तर आधी आठ दिवस हिशेब चालतो.

या हिशेबाचा इतिहास कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. उद्यानांचा लिहितात, त्यांच्या मालकांचा लिहितात, कोणता राइड किती उंच गेला ते लिहितात. दारावर उभं राहून बटवा चाचपणाऱ्या बाईच्या बाजूनं ही गोष्ट सांगायला हवी असं मला फार दिवस वाटत आलंय. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत साचाखात्यात होते, आई चार खानावळी जेवायला घालायची, आणि पुढं माझी सगळी नोकरी एका पतपेढीच्या कॅश काउंटरवर गेली. पैसा खिडकीतून कसा आत जातो आणि माणूस तो किती जड हातानं सोडतो, हे मी जवळून पाहिलंय.

राणीची बाग १८६२ साली उघडली, १९ नोव्हेंबरला, लेडी फ्रिअर यांच्या हस्ते. तेव्हा ते वनस्पतिउद्यान होतं. १८७३ मध्ये ते नगरपालिकेच्या ताब्यात आलं आणि १८९० मध्ये जागा वाढवून तिथं प्राणी आणले गेले. बागेला लागूनच १८७२ सालचं म्युझियम, आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती. गोऱ्या साहेबांनी आणि शेठ लोकांनी आपल्या हौसेनं केलेली ही बाग पुढं आसपासच्या गिरण्यांमुळं कामगारांची झाली. लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, माझगाव इथून लोक चालत यायचे. प्रवासाचा खर्च शून्य. आज कोणत्याही मनोरंजन उद्यानाचा बेत करताना घरातला निम्मा वाद गाडीभाड्यावरून होतो. तो वाद आमच्या चाळीत कधी झालाच नाही, कारण बाग पायाखालच्या रस्त्यावर होती.

आईचा बेत असा असायचा. पगार झाल्यावरचा पहिला रविवार. त्याआधीच्या रविवारी नाही, कारण वाण्याची वही आणि गावची मनिऑर्डर या दोन गोष्टी आधी. रविवारी खानावळींना गोडाधोडाचं जेवण द्यावं लागे, म्हणून ती पहाटे उठून त्यांचं उरकायची आणि उरलेल्या कणकेच्या पुऱ्या लाटायची. बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, एका पुडीत साखर. पाणी फिरकीच्या तांब्यात. हा पितळी तांब्या झाकणाला आटे पाडून घट्ट बसवलेला असतो, आडवा झाला तरी सांडत नाही. तो उचलायचं काम माझ्या थोरल्या भावाकडं. जुनं लुगडं अंथरायला. आणि रुमालाच्या गाठीत मोजलेली चिल्लर. त्या गाठीचे दोन भाग असत. एका गाठीत ठरलेला खर्च, दुसरीत बाहेर आल्यावरच्या भेळेचे. पहिली संपली की हत्तीची रपेट संपली, मग कितीही रडा. दुसरी गाठ तोवर उघडत नसे.

या बेतात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हत्तीवर बसायचे पैसे वेगळे होते. आम्ही पाच जण गेलो तरी हत्तीवर दोघंच बसायची, धाकटी भावंडं. आईवडील बाकावर. न बसणाऱ्याला बसणाऱ्याचे पैसे पडत नव्हते.

हीच रीत जत्रेची. प्रभादेवीची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, माहीमचा मेळा डिसेंबरात मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याच्या उरुसाला, वांद्र्याची मोतमावलीची जत्रा सप्टेंबरात. देव तीन धर्मांचे, पण पाळणेवाले बरेचदा तेच. आणि रीतही एकच: आत यायला पैसे नाहीत, पाळण्याचे पैसे वेगळे. लहान पाळणा चार पेट्यांचा, लाकडी, हातानं फिरवायचा. पाळणेवाला खाली उभा राहून येणाऱ्या पेटीला रेटा देतो, आणि फिरती पेटी डोक्याला लागू नये म्हणून दर फेरीला मान बाजूला घेतो. मोठ्या पाळण्याला मोटर नसली की पोरं आऱ्यांवर चढायची. वर जाऊन बाहेरच्या दांडीला लोंबकळायचं, म्हणजे अंगाच्या वजनानं चाक खाली येतं. खाली येताच उडी मारून पुन्हा चढायचं. माहीमला हे मी कितीतरी वेळा श्वास रोखून पाहिलंय. चाकावर बसलेल्यांना मजा वाटायची, आणि ती मजा एका माणसाच्या दंडातून येत होती. पैसे त्याच्या हातात, तिथल्या तिथं.

या व्यवहारात घासाघीस चालायची. ‘चकरा किती?’ हा पहिला प्रश्न. रांग लांबली की चकरा कमी, गर्दी ओसरली की जास्त. मांडीवरच्या मुलाचे पैसे नाहीत. दोन सख्खी भावंडं एका पेटीत बसली तर दीडच घे, असं आई म्हणायची आणि तो घ्यायचा. जत्रेच्या शेवटच्या रात्री, सामान उचलायच्या आधी, तो अंगणातल्या मुलांना फुकटही फिरवायचा. गरिबाच्या करमणुकीला जी सवलत लागते ती नेमकी हीच आहे: थोडं थोडं खर्चता यावं आणि मध्येच थांबता यावं. पहिला पाळणा झाला, आता जिलबी की मौत का कुआ, हे तिथं उभं राहून ठरवता येतं. घरात आजारपण आलं, पाळी बुडाली, तरी जत्रा चुकत नाही. फक्त पाळणा चुकतो.

वडिलांचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मे महिन्यातली आमची सुट्टी म्हणजे गाव, आणि त्या पिढीतल्या बहुतेक मराठी घरांची तीच. हॉटेल, लॉज हे शब्द सुट्टीच्या हिशेबात नव्हतेच. खर्च एकच, एसटीचा. महामंडळाची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला सुटली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या साध्या घरांच्या सुट्ट्या तिच्या वेळापत्रकावर ठरू लागल्या. अर्ध्या तिकिटाची वयोमर्यादा प्रत्येक आईला पाठ. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा असायचा. कापडी तंबू, मधोमध पडदा, तिकीट काढून आत गेलं की जमिनीवर बैठक. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रात्रभर खेळ चालत. तंबूला मात्र दार होतं आणि दारावर माणूस होता. पण तंबूबाहेरची जत्रा मोकळीच.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत शहरांनी मुलांसाठी जे बांधलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट १९५२ च्या सुमाराचा. त्यात शिरायला कधी पैसे पडले नाहीत. पुण्यात सारसबागेशेजारी पेशवे पार्क झालं आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये तिथं फुलराणी धावू लागली. पुढं बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनराणी आली. तौक्ते वादळानं २०२१ च्या मे महिन्यात तिचे रूळ उखडेपर्यंत दोन पिढ्या तिच्यात बसल्या. पैशानं गांजलेल्या काळात, धान्य रेशनवर असताना, नगरपालिकांना मुलांच्या आगगाडीसाठी पैसे काढावेसे वाटले. फुलराणीत बसायला छोटं तिकीट होतं, बागेत हिंडायला नव्हतं. म्हणजे इथंही जत्रेचाच नियम पाळला गेला.

आता दुसरीकडं काय चाललं होतं ते पाहू. सगळ्या मैदानाला कुंपण घालून दारावरच पैसे घ्यायचे ही कल्पना अमेरिकेत रुजली ती न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर. १८९५ मध्ये पॉल बॉयटननं तिथं कुंपणाचं सी लायन पार्क काढलं आणि १८९७ मध्ये जॉर्ज टिल्यू यानं स्टीपलचेस पार्क. कुंपणामागं पैशाइतकाच अब्रूचा विचार होता. दारू पिऊन हिंडणारे, खिसेकापू बाहेर राहावेत, बायकामुलं निर्धास्त यावीत. १९२० मध्ये भुयारी रेल्वे थेट कोनी आयलंडला पोचली, पाच सेंटांत. त्या उन्हाळ्यापासून कामगारवस्त्यांतली घरंच्या घरं समुद्रावर लोटली. स्वस्त गाडी आणि सुटे पैसे, या दोन गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं कष्टकरी माणूस सुट्टी घेतो. लालबागला चालत जायची सोय होती, त्यांना पाच सेंटांची गाडी होती.

वॉल्ट डिस्ने सांगायचा की डिस्नेलँडची कल्पना त्याला बाकावर सुचली. शनिवारी तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर न्यायचा. मुली गोल फिरायच्या आणि हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. आईबापांना मुलांबरोबर काही करता येईल अशी जागा हवी, असं त्याला तिथं वाटलं. मग अनाहाइमला १६० एकर संत्र्यांच्या बागा घेऊन, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर ओतून, १७ जुलै १९५५ ला उद्यान उघडलं. त्या दिवशी उन्हानं नवं डांबर इतकं मऊ झालं की बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि खोट्या निमंत्रणपत्रिकांवर हजारो माणसं आत शिरली.

मला रस आहे तो तिथल्या तिकिटात. सुरुवातीला मोठ्या माणसाला प्रवेश १ डॉलर, आणि राइडचे पैसे वेगळे, दर वेळी खिडकीवर. जत्राच, फक्त दाराला एक डॉलर. त्याच ऑक्टोबरात कूपनांची पुस्तिका आली: आठ राइडची, अडीच डॉलरला. कूपनांचे वर्ग होते. ए म्हणजे साधा राइड, बी, सी त्याहून भारी. पुढच्या वर्षी डी आलं आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी आणि मोनोरेल सुरू झाली तेव्हा ई. ई कूपनं पुस्तिकेत मोजकी. ती कुणी वापरायची, कशावर वापरायची, याचा बेत घरं आधीपासून करत. ए कूपनं उरायची, आणि ती घरातल्या कपाटात पुढच्या वेळेसाठी ठेवली जायची. माझी एक चुलत बहीण लग्न होऊन १९७० नंतर कॅलिफोर्नियात गेली. तिच्याकडं अशी दोन उरलेली कूपनं मी पाहिली आहेत, पातळ कागद, कडेला फाडल्याची दातेरी रेघ. तिच्या सासूबाई भारतातून आल्या तेव्हा त्यांना फक्त आत जायचं तिकीट काढलं होतं. त्या मेन स्ट्रीटवर बाकावर बसल्या, मिरवणूक पाहिली, नातवंडांच्या पिशव्या सांभाळल्या आणि खुश होऊन परतल्या. बाकावर बसणाऱ्याला बाकाचेच पैसे.

१९८२ च्या जूनमध्ये डिस्नेलँडनं ही पुस्तिका बंद केली. त्यानंतर एकच तिकीट: दारावर सगळे पैसे द्या, आत काय वाटेल ते आणि कितीही वेळा. मुलांच्या दृष्टीनं हे स्वर्गच. तेरा-चौदा वर्षांची चार मुलं गेली तर एकेक राइड चार-चार वेळा करून पैसे फिटवतील. पण पिशव्या सांभाळणाऱ्या आजीला आता मॅटरहॉर्नचे पैसे द्यावे लागतात. गरोदर सुनेला, पाठदुखीच्या बापाला, उंची कमी पडल्यामुळं दारातून परत आलेल्या मुलाला, सगळ्यांना सगळ्याचे.

उद्यानवाल्यांची बाजू मी कॅशियर म्हणून समजू शकते. प्रत्येक राइडवर तिकीट घ्यायचं तर तिथं एक माणूस बसवा, सुटे पैसे ठेवा, रात्री प्रत्येक गल्ल्याचा ताळा करा. हातांत पैसा जितक्या जागी फिरतो तितक्या जागी तो गळतो. शिवाय राइडवर दोन माणसं बसली काय आणि वीस बसली काय, वीज, डागडुजी, तपासणी, चालवणाऱ्याचा पगार यांत फरक पडत नाही. मोठं यंत्र कर्जावर घेतलेलं असतं आणि व्याज रविवारची वाट पाहत नाही. म्हणून पैसे आधी, दारावर, एकरकमी. एकदा एवढे पैसे भरले की घर दिवसभर आत राहतं, आणि दिवसभर आत राहिलं की जेवतंही आतच. हिशेबाला हे चोख आहे. फक्त तो हिशेब आता दाराच्या त्या बाजूला होतो.

१९८२ हे साल आम्हा लालबागकरांना वेगळ्याच कारणानं पाठ आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. आमच्या मजल्यावरच्या घरांतून आधी भिशी बंद झाली, मग दूध कमी झालं, मग मुलं कामाला लागली. जत्रेला आम्ही तरीही गेलो. माझी भाचरं मेळ्यात नुसती हिंडून आली, फुग्यांवर नेम धरणाऱ्यांना बघत. आत जायलाच पैसे पडले असते तर ती गेली नसती.

नेमक्या त्याच दशकात देशात पहिली कुंपणाची उद्यानं आली. दिल्लीचं अप्पू घर १९ नोव्हेंबर १९८४ ला उघडलं. आशियाई खेळांच्या हत्तीचं नाव त्याला दिलं होतं. २००८ मध्ये ते बंद पडलं. मुंबईला १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं, सुभाषचंद्रांच्या एस्सेल समूहाचं, आणि १९९८ मध्ये त्याला जोडून वॉटर किंगडम. टीव्हीवरची त्याची जाहिरात मुलांना पाठ झाली आणि आईबापांच्या कानाला लागली. झिपर डिपर हे नाव आमच्या चाळीत प्रत्येक पोराच्या तोंडी होतं, त्यात कुणी बसलेलं नसताना.

गोराईला जायचं म्हणजे लोकलनं बोरिवली, तिथून बस, मग खाडी ओलांडायला बोट. किंवा मालाडहून मार्वे आणि तिथून बोट. बोटीत मुलांना इतकी मजा यायची की पुष्कळांना तीच लक्षात राहिली. चौघांच्या तिकिटांचा आकडा मात्र त्या वेळच्या साध्या पगारदार घराला वर्षातून एकदाच झेपणारा. म्हणून नियोजन आलं. पतपेढीत माझ्या खिडकीवर मे महिन्याच्या आधी आवर्त ठेव मोडायला येणारी माणसं वाढायची, आणि कारण विचारलं की ‘मुलांना एस्सेलवर्ल्ड कबूल केलंय’ असं सरळ सांगायची. जत्रेसाठी ठेव मोडलेली मी कधी पाहिली नाही.

आणि डबा गेला. मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही. पुढं एका मोठ्या उद्यानाच्या दारावर आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या. तपासणारी मुलगी विशीतली, नम्र होती. तिनं दशम्यांचा डबा बाजूला काढला, लोणच्याची बाटली काढली, ‘मावशी, आत नाही चालत’ म्हणाली आणि टोकन दिलं. माझी सासू मधुमेहाची. तिच्यासाठी म्हणून दोन दशम्या वेगळ्या बांधून दाखवल्या तेव्हा त्या तेवढ्या सोडल्या. आतल्या उपाहारगृहात दुपारी जे बिल झालं त्यात घरी चार दिवसांचा बाजार झाला असता. चविष्ट होतं का? नव्हतं. राणीच्या बागेत झाडाखाली लुगडं अंथरून जेवणं हा सहलीचा अर्धा भाग होता, आणि तो पैशानं मोजला जात नव्हता. बाहेरचं अन्न आत आणू द्यावं की नाही, यावर चित्रपटगृहांच्या बाबतीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं मालकांना मनाई करायचा हक्क आहे असं सांगितलं, पण पिण्याचं पाणी मोफत द्यायला हवं असंही बजावलं. कायदा असेल तसा असो, पुऱ्यांचा डबा दाराबाहेर ठेवायला लावणं मला आजही पटत नाही.

सरकारनंही या दोन जगांत फरक केला नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानं, वॉटर पार्क, मेरी-गो-राउंड आणि बॅले नृत्य ही सगळी एकाच ओळीत बसवून त्यांच्या प्रवेशावर २८ टक्के कर लावला. पुढच्या जानेवारीत तो १८ वर आला. चार तिकिटांवरचा अठरा टक्के म्हणजे पाचव्या माणसाचं जवळजवळ पाऊण तिकीट.

खरी वाट काढली ती शाळांनी. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते आणि उद्यानंही शाळांना वेगळा दर देतात. आजूबाजूच्या तालुक्यांतली कितीतरी मुलं मोठ्या पाळण्यावर पहिल्यांदा बसली ती अशीच, लाल गाडीतून येऊन, बाईंनी दोनदा डोकी मोजल्यावर. आणि १९८८ पासून एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासयोजना आहे, चार दिवसांची किंवा सात दिवसांची. हिच्यावर लोकांनी पंढरपूर, कोल्हापूर, गणपतीपुळे सगळं उरकलं. तिला मी आपल्याकडची कूपनपुस्तिका मानते. किती खर्च होणार ते आधी ठाऊक, आणि कुठं उतरायचं ते आपल्या हातात.

एस्सेलवर्ल्ड करोनाच्या साथीत थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. त्याआधीच, २०१३ मध्ये, मनमोहन शेट्टींनी खोपोलीजवळ इमॅजिका उभं केलं होतं. शेकडो कोटींचं काम, आणि कर्जही मोठं. ते कर्ज कंपनीला पेललं नाही आणि २०२२ मध्ये उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडं गेलं. इतक्या मोठ्या कर्जाचा हप्ता दारावरच्या तिकिटातूनच निघायचा असतो, हे कळलं की तिकीट पाहून राग येत नाही. बेत मात्र करावाच लागतो.

या डिसेंबरात आमचा बेत चाललाय. मुलाच्या दोन मुलांना खोपोलीला जायचंय. सुनेनं चार रात्री फोनवर दर पाहिले. शनिवार-रविवार टाळला, शाळेच्या सुट्टीतला मधला दिवस धरला, तिथं आकडा बराच खाली आला. उंचीनुसार तिकीट आहे, म्हणून धाकट्याला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण केली. माझ्या लहानपणी मुलाचं वय विचारायचे, आता त्याची उंची मोजतात, एवढाच फरक. मोटारीचा खर्च काढला तेव्हा मी म्हटलं, खोपोलीपर्यंत लोकल जाते. कर्जतच्या पुढं गाड्या मोजक्या आहेत, पण सकाळची एक धरली तर वेळेत पोचता येतं. येताना एसटी, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे सून आणि मी निम्म्यात. ह्यांनी पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यांना २०२२ पासून एसटी फुकट.

मुलाचा हट्ट होता की आई-बाबांनी पण आत यायचं. मी कागदावर आमची दोन तिकिटं लिहिली आणि शेजारी, आम्ही आत जाऊन काय करणार ते लिहिलं. बसणार, पिशव्या सांभाळणार, दुपारी सत्तर रुपयांचा चहा घेणार. त्यापेक्षा महडचा वरदविनायक खोपोलीहून अगदी जवळ आहे, रिक्षानं जाता येतं आणि दर्शनाला तिकीट नाही. ते दोघं मुलांना घेऊन आत जातील, मी आणि हे महडला जाऊ. डबा आमच्याबरोबर राहील. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि मुलांच्या परतीसाठी चार जादा. वाचलेल्या दोन तिकिटांच्या पैशांतून पौषात सगळ्यांनी प्रभादेवीच्या जत्रेला जायचं, आणि तिथं मात्र पाळण्याचे पैसे मी देणार, असं सुनेशी ठरलंय.